मिस्त्रीची सही

नळ गळतोय म्हणून बाहेरचा माणूस बोलावला, की या घरात नवऱ्याचं नाक कापलं जायचं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने बायकोला हे बजावून ठेवलं होतं. घरात धडधाकट पुरुष असताना नळवाल्याचं काय काम? त्याच्याकडे लाल पत्र्याची पेटी होती. तिच्यात लहानमोठे पाने, पक्कड, करवतीची पाती, आणि मापाप्रमाणे दोऱ्यात ओवलेले वॉशर. रविवार उजाडला की कानावर पेन्सिल, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि दोन तास अख्ख्या घराचं पाणी बंद. बिल्डिंगमधले लोक त्याला मिस्त्री म्हणायचे. निम्मे कौतुकाने, निम्मे थट्टेने. त्याला सगळं कौतुकच वाटायचं.

आणि तो हात लावील तो नळ गळायचा. लगेच नाही. रविवारी कोरडा, सोमवारी ओलसर, मंगळवारी खाली वाडगा.

सात वर्षांपूर्वी सिंकखालच्या पाइपाची ओल खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला उतरली आणि ते भांडायला वर आले. तो तेव्हा कारखान्यात होता, पॅकिंग खात्यात. तिने गुपचूप नळवाला बोलावला. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने जोड उघडला, बोटाने चुरगळलेली पांढरी टेप बाहेर ओढली आणि विचारलं, "साहेब डावखुरे आहेत का, ताई?"

ती नाही म्हणाली.

"मग टेप उलटी का गुंडाळतात?"

त्याने करून दाखवलं. आटे ज्या दिशेने आवळायचे, त्याच दिशेने टेप फिरवायची. मग ती आवळताना आणखी घट्ट बसते. उलटी फिरवली की आवळता आवळता सुटते, सरकते, गोळा होते. बाकी साहेबांचं काम बरं आहे म्हणाला. एवढं सांगा त्यांना.

एक वाक्य होतं. ती संध्याकाळी सांगणारच होती. तो घरी आला, बूट न काढता त्याने सिंकखाली हात घातला, हात कोरडा निघाला आणि त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. पोरगी शाळेत पहिली आली तेव्हा तिने हा चेहरा पाहिला नव्हता, भावाच्या लग्नात पाहिला नव्हता. चाळीस वर्षांच्या बाप्याचा असा चेहरा एका कोरड्या पाइपापायी. तिने ठरवलं, उद्या सांगू. ते उद्या काही उजाडलं नाही.

मग रिवाजच पडला. रविवारी नवरा दुरुस्त करायचा, मंगळवारी अकरा वाजता नळवाला येऊन ते खरोखर दुरुस्त करायचा. नवऱ्याला जोडावर सफेदा, तो पांढरा चिकट लेप, थापायची हौस होती, केकवर क्रीम थापावं तसा. नळवाला आपलं साफ काम करून झाल्यावर वरून तसाच सफेदा थापायचा आणि म्हणायचा, "मिस्त्रीची सही ठेवलीय, ताई." पहिल्यांदा ती तोंडाला पदर लावून हसली होती. पुढे हसू आलं नाही. पुढे काहीच आलं नाही.

पाच वर्षांनी नळवाल्याचे गुडघे गेले आणि तो पोराकडे दुसऱ्या गावी राहायला गेला. जाताना तिला एक जुना पाना आणि टेपची दोन रिळं देऊन गेला. तुम्हाला आता माझी गरज नाही, इतकी वर्षं डोक्यावर उभ्या राहून बघताय, असं म्हणाला. खरं होतं. पुढच्या मंगळवारी तिने स्वतः मेन कॉक बंद केला, सिंकखाली आडवी झाली, जोड उघडला, उलटी टेप काढली, सुलटी गुंडाळली, आवळलं. वरून सफेदा. वीस मिनिटांत झालं. आपल्याला आनंद होईल म्हणून ती क्षणभर थांबली. मग भांडी घासायला लागली.

दीडेक वर्ष असंच चाललं. नवरा करायचा, बायको निस्तरायची, आणि त्याला घरदुरुस्ती म्हणायचे. असल्या घरांना लोक सुखी म्हणतात.

मग चार महिन्यांपूर्वी कारखान्याने पॅकिंग खात्यात मशीन आणलं आणि खातंच बंद केलं. तो घरी बसला. बसला म्हणजे खुर्चीत बसला आणि भिंतीकडे बघत राहिला. दाढी वाढली. पेटी पलंगाखाली गेली. पोरगी दुसऱ्या शहरात नोकरीला, ती रोज फोन करून बाबा जेवले का विचारायची, आणि बायको रोज जेवले म्हणून सांगायची. ताट समोर ठेवलं की जेवायचा, उचललं की थांबायचा. तिने काळजी करून पाहिली. मग तीही बोथट झाली. दोन माणसं एका घरात, एकाने भिंत धरलेली आणि दुसरीने ओटा.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या शाळामास्तरीण बाई जिन्यात भेटल्या. त्यांच्या बेसिनखालचा जोड गळत होता, नळवाला आज येतो उद्या येतो करून टांग देत होता. बाईंनी सहज विचारलं, मिस्त्री बघतील का?

तिने हा निरोप घरात सांगायलाच नको होता. सांगितला, कारण बोलायला दुसरं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो दाढी करून आला. पेटी बाहेर निघाली, पाने तेलाने पुसले गेले. आता आपण हेच काम करायचं, तो म्हणाला. मशीनला सिंकखाली शिरता येतं का? आपल्या घरात सात वर्षांत एक जोड दुसऱ्यांदा गळला का, सांग. तिने नाही म्हणून सांगितलं. त्याने कागदावर मोठ्या अक्षरांत 'मिस्त्री' लिहून खाली फोन नंबर घातला आणि बिल्डिंगच्या खालच्या दारावर चिकटवून आला. रात्री पोरगी फोनवर रडत होती. बाबा हसले, आई, म्हणत होती.

बायको ओट्याशी उभी राहून हिशेब लावत होती. सांगितलं, तर तो पुन्हा त्या खुर्चीत जाईल आणि या वेळी उठणार नाही. नाही सांगितलं, तर बाईंच्या घरात दोन दिवसांनी पाणी, अख्ख्या बिल्डिंगमध्ये शोभा, आणि तरी खुर्ची. बाईंच्या घरी मंगळवारी मागून जाऊन निस्तरता येणार नव्हतं. सगळ्या गावाचे नळ निस्तरायला ती काही जन्माला आली नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी तो पेटी घेऊन दाराशी बूट घालत होता. दहाला पाच कमी होते. ती म्हणाली, "टेप उलटी गुंडाळता तुम्ही."

तो हसला. "कोण म्हणतं?"

"नळवाला."

"कुठला नळवाला?"

मग तिने सांगितलं. खालच्यांच्या छतापासून, मंगळवार, अकरा वाजता, सफेदा, सगळं. आवाज न चढवता, किराण्याची यादी वाचावी तसं. तो एक बूट घालून स्टुलावर बसला होता. तिचं संपल्यावर एकेक विचारू लागला. न्हाणीघरातला? तोही, ती म्हणाली. टाकीचा जोड? त्याला तर दोन खेपा लागल्या. गॅलरीतला नळ?

"एकही माझा नाही?"

तिने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "कपड्यांच्या दोरीचा हूक तुमचा आहे."

"हूक गळत नाही," तो म्हणाला. मग त्याला काहीतरी सुचलं. नळवाला गाव सोडून दोन वर्षं झाली, असं तीच आता म्हणाली होती. त्यानंतरचे कोणी केले?

"मी."

हे त्याला जास्त लागलं. नळवाला परका होता, धंद्यातला होता. त्याच्यापुढे हरण्यात फारशी लाज नव्हती. त्याने तिच्या हातांकडे पाहिलं, मग दुसरा बूट हातात घेऊन तसाच बसला. तिने वाट पाहिली. ओरडेल, पेटी फेकेल, निदान रडेल. तसं झालं असतं तर तीही ओरडली असती. सात वर्षांचं साठलेलं असेलच ना कुठेतरी. तिने आत चाचपून पाहिलं. काही हाताला लागेना.

फोन वाजला. बाई होत्या. तो फोनकडे बघत राहिला. तिने उचलला. बाई म्हणाल्या, पाणी बंद करून बसलेय, आंघोळ राहिलीय, येताय ना?

"हो, आत्ता," ती म्हणाली. तिने त्याच्या पायाशी पडलेली पेटी उचलली. त्याने अडवलं नाही.

बाईंनी दार उघडलं आणि तिच्या मागे कोण आहे ते पाहिलं. त्यांची कंबर धरलीय, तिने सांगितलं, मला पाठवलंय. कसं करायचं ते सगळं समजावून दिलंय. हे सगळं इतकं सरळ तोंडातून निघालं, की खोटं बोलल्यासारखंही वाटलं नाही. ती बेसिनखाली शिरली. जोड सोडला, आटे जुन्या फडक्याने पुसले, टेपचे सात वेढे दिले, हाताने जाईल तेवढं फिरवून मग पाना लावला. बाई डोक्यावर उभ्या होत्या आणि बोलत होत्या. नवरा असावा तर असा, बायकोला हातचं काम शिकवलं. आमच्यांनी जन्मात बल्ब बदलला नाही. ती आतून हो हो म्हणत होती. पाणी सोडलं. जोड कोरडा राहिला. या वेळी वरून सफेदा थापायची गरज नव्हती. तिच्या हाताने तरी थापला.

ती खाली आली तेव्हा तो अजून स्टुलावरच होता, एका बुटात. त्याने आधी गळतंय का ते विचारलं. ती नाही म्हणाली. मग बाईंना काय सांगितलं ते विचारलं.

"तुम्ही शिकवलं म्हणून सांगितलं."

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर थोडं रक्त परतलं, ते तिने पाहिलं. त्याने पायातला बूट काढला आणि दोन्ही जागेवर ठेवले. कागद वाचून चौथ्या मजल्यावरून कोणीतरी चौकशी करून गेलं, तो म्हणाला, शॉवर गळतो म्हणे.

"उद्या जाशील?"

"जाईन."

"खालच्या कागदावर नाव माझंच राहू दे."

"राहू दे," ती म्हणाली, आणि नखांतला सफेदा काढायला सिंकपाशी गेली.