अंगणात हिरवळ आली तेव्हा

मी एक जुनी खिडकी आहे, मित्रांनो. कोरियाच्या दक्षिणेला, बांबूच्या टेकडीला पाठ टेकून एक घर बसले आहे. त्याच्या लाकडी सोप्याच्या मागच्या भिंतीत सुताराने मला बसवले. सोपा समोरून सगळा उघडा, आणि पुढे पांढऱ्या वाळूचे उघडेबोडके अंगण.

उन्हाळ्यात वाळू तापली की तिच्यावरची हवा वर जाई, आणि बांबूच्या सावलीतली गार हवा तिची जागा घ्यायला माझ्यातून आत धावे. त्या वाऱ्यात या घरची कितीतरी बाळे झोपली. माझे फार कौतुक होई.

घरची म्हातारी ओकबुन अंगणात गवताची काडी टिकू देत नसे. सून हेरान एकदा म्हणाली, "आई, राहू द्या की थोडं हिरवं. डोळ्यांना बरं वाटतं."

"अंगणात गवत? घरातली माणसं मेली असं गावाला सांगायचंय का? वाकायचा कंटाळा आलाय म्हण सरळ."

हेरान हसली. म्हातारीलाही तेवढेच कारण ठाऊक होते, वाऱ्याचे नाही. तिच्या सासूने तिला तेवढेच सांगितले होते.

पुढे ओकबुन वारली. मग हेरानला मुलगा झाला. लेकरू निसर्गात वाढावे म्हणून तिने मोठ्या हौसेने अंगणभर हिरवळ लावली.

उन्हाळा आला. हिरवळ वाळूसारखी तापेना. मी सताड उघडी होते, पण वारा आत येईना. बाळाच्या मानेवर घामोळे उठले. ते रडत होते आणि हेरान पंख्याने वारा घालत होती.

"एवढी हिरवळ लावली, तरी इतकं कसं उकडतंय हो?"

"त्या खिडकीतून नुसते डास येतात," तिचा नवरा ग्योंगसू म्हणाला. "एसी लावू."

"लावा एकदाचा. लेकरू झोपू दे."

मला सांगायचे होते, थोडी वाळू मोकळी करा. मी जीव खाऊन करकरले. ग्योंगसूने बिजागऱ्यांना तेल घातले.

आता मला खिळे ठोकले आहेत, वरून प्लास्टिक. बाळ आतल्या खोलीत दारे लावून झोपते. सोप्यात कोणी बसत नाही.

मित्रांनो, घर बदलण्याआधी एक उन्हाळा त्यात नुसते बसा. वारा कुठून येतो, कशासाठी येतो, ते बघा. बांबूतली गार हवा अजून माझ्या पाठीशी येऊन थांबते. तिला आत बोलावणारे अंगण राहिले नाही, आणि मला हात नाहीत.