अस्वलाने दाखवलेली वाट

“सांगतो ते तुम्हाला पटायचं नाही,” बाणकाका म्हणाले आणि पान्ह्याच्या टोकाने त्यांनी पांढऱ्या रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं. “आजवर कुणालाच पटलेलं नाही. तेव्हा तुम्हाला तरी कशाला दोष द्यायचा?”

मोजणीबाई डोंगरातल्या वाटा मोजायला आल्या होत्या. खांद्यावरची तिपाई त्यांनी गवतात आडवी केली आणि दोन वाटांच्या मधल्या दगडाकडे पाहिलं. समोरची वाट घळीच्या कडेकडेने, अगदी नाकासमोर, धबधब्याकडे गेली होती. तिच्यावर गवत माजलं होतं, तरी ती लपत नव्हती. दगडावरचा बाण मात्र तिच्याकडे पाठ करून डावीकडे, वर, उभ्या चढाकडे बोट दाखवत होता. धबधबा समोरून गरजत होता आणि बाण म्हणत होता, या असे इकडून.

“सरळ वाट असताना हे वळण कशासाठी?” बाईंनी विचारलं.

“अस्वल,” काका म्हणाले.

घळीच्या तोंडाशी वसलेल्या त्या गावात डोंगर चढायला येणारा प्रत्येक माणूस काकांच्या बाणांवर चालत असे. बर्फ वितळलं की काका डबा आणि ब्रश घेऊन निघत आणि चौकापासून धबधब्यापर्यंत फिकट झालेले बाण पुन्हा पांढरेशुभ्र करत. गावात म्हणायचे, काकांच्या बाणावर डोळे मिटून विश्वास ठेवावा आणि काकांच्या बोलण्यावर डोळे उघडे ठेवूनही ठेवू नये.

“भर दुपार होती,” काकांनी दगडासमोर बैठक मारली. “सरळ बाण काढावा म्हणून ब्रश बुडवला, वर बघतो तर वाटेच्या मधोमध हे अस्वल! एवढं दांडगं, की मागचा धबधबा दिसेना. नुसता आवाज. मला वाटलं, अस्वलच वाहतंय.”

“मग?”

“मग काय, बोबडी वळली. म्हटलं, दादा, जरा सरकता का, कामाचा खोळंबा होतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, ब्रशकडे पाहिलं, अशी मान हलवली,” काकांनी नापास मुलाचा पेपर बघणाऱ्या मास्तरासारखी मान हलवली, “आणि पंजा उचलून डावीकडे दाखवलं.”

“मी काल त्या सरळ वाटेने जाऊन आले, काका. शेळीच्या लेंड्या सोडून काही दिसलं नाही.”

“काल रविवार होता. रविवारी ते येत नाही.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले, पण गालावर व्हायचं ते झालंच. त्यांनी तिपाई उचलली आणि दोघं बाणाच्या म्हणण्याप्रमाणे डावीकडे वळली.

चढ सुरू झाला तसा धबधब्याचा आवाज खाली राहिला. वाट कड्याच्या कुशीतून वर जात होती. एका बाजूला ओल्या शेवाळाची भिंत, दुसऱ्या बाजूला लोखंडी साखळीचा कठडा आणि त्याच्याखाली घळ. इतकी अरुंद, की पलीकडच्या कड्यावर बसलेल्या पक्ष्याला हात लांबवून दाणा द्यावासा वाटावा. बाईंचे बूट नवे होते. चार वळणं झाल्यावर त्या डावा पाय जपून टाकू लागल्या. काकांनी ते पाहिलं आणि उगीचच एका स्वच्छ, ठळक बाणापाशी रंग द्यायला थांबले.

वरून एक जोडपं उतरत आलं. बायको पुढे, नवरा मागे, आणि मध्ये भांडण असल्यामुळे बरंच अंतर.

“गाव किती लांब आहे अजून?” बायकोने विचारलं.

“बोलत गेलात तर अर्धा तास,” काका म्हणाले. “अबोला धरून गेलात तर दिवस मावळेल.”

नवरा हसला. बायको हसली नाही, पण पुढच्या वळणावर थांबून राहिली.

“काका,” बाई म्हणाल्या, “आता खरं बोलू या. सरळ वाटेला लाकडी फळ्या आणि कठडा घालायचा ठरलाय. लोक दुप्पट लवकर धबधब्याशी पोचतील. त्यानंतर ही वरची वाट ठेवायची की पुसायची, एवढंच मला सांगायचंय. साहेब एकच विचारतील, ही उलटी चढण कशासाठी? खरं कारण असेल तर दोन्ही वाटा राहतील. नसेल तर तुमचे हे बाण खरवडून काढायचे.”

“अस्वल हे कारण नाही?”

“अस्वल हे कारण नाही.”

काकांनी पुढचा बाण रंगवायला घेतला. एक हात दिला, मग दुसरा, मग तिसरा. बाण चांगला जाडजूड झाला तरी ब्रश थांबेना. दोनदा त्यांनी मान वळवून तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. जे काही होतं ते घशातच अडलं. खोटं असतं तर असं अडलं नसतं. खोट्याला काकांच्या घशात कधीच अडथळा नव्हता.

चढ संपला तिथे एक घर होतं. फाटक, फाटकाच्या आत दगडी पायरी, पायरीच्या वर सताड उघडं दार. भिंतीला टेकून पाचसहा काठ्या उभ्या होत्या, कुणाकुणाच्या विसरलेल्या. दाराशेजारच्या खुंट्यांवर एकेकटे हातमोजे, एक लाल टोपी आणि एक लहान मुलाचा मोजा लटकत होता.

“आलं का हे रंगकाम?” आतून आवाज आला. पाठोपाठ पदराला हात पुसत एक उंच, सडसडीत बाई बाहेर आल्या. काकांच्या मित्राची ही बायको. मित्र या घळीतला वाटाड्या होता. ऐन उमेदीत तापाने गेला. काका त्यांना पहिल्यापासून वहिनी म्हणत आणि वहिनी त्यांना भावजी म्हणून झापत. “भावजी, डबा तिकडे ठेवा, पायरीवर नको. आणि ही कोण पोरगी लंगडतेय? बस गं इथे. काढ तो बूट.”

“नाही, मी ठीक—”

“ठीक असलेली माणसं इथपर्यंत येतात, मला ठाऊक आहे. काढ.”

बाई पायरीवर बसल्या. वहिनींनी आतून पट्ट्यांचा एक भलामोठा डबा आणला. एकट्या बाईच्या घरात इतक्या पट्ट्या कशाला, असा प्रश्न पडावा एवढा. टाचेवरचा फोड पुसता पुसता त्या म्हणाल्या, “बूट नवे, अक्कलही नवी. मोजे दोन घालावेत.”

बाईंची नजर खाली गेली. पायरी घासून घासून काळीकुळकुळीत झाली होती, तोंड दिसावं अशी. फक्त मधोमध रुपयाएवढा एक पांढरा डाग होता.

“रंग सांडलाय इथे.”

“हो. निघत नाही तो.”

“टर्पेंटाइन आणून देतो म्हणून किती वर्षं सांगतोय मी,” काका म्हणाले. “एका फटक्यात निघेल.”

“काही नको. माझी पायरी, माझा डाग.”

वहिनींनी चहा टाकला. बाईंनी आत पाहिलं. चूल, चुलीजवळ लांबलचक बाक, बाकावर चुरगळलेला नकाशा आणि फळीवर एका घराला कधी लागू नयेत इतके कप.

“मावशी,” बाईंनी विचारलं, “ही वाट बंद झाली तर तुमची काही अडचण होईल?”

काकांच्या हातातला ब्रश डब्याच्या काठावर थांबला.

“माझी?” वहिनी म्हणाल्या. “सुटेन मी एकदाची! माझं घर आहे का धर्मशाळा? एकाला पाणी, एकाला पट्टी, एक पोरगा परवा येऊन म्हणतो, काकू, तुमच्याकडे दोन मिनिटं रडलं तर चालेल का! मेल्या वाटेला जायला दुसरं दार नव्हतं जगात. करा बंद, खुशाल करा.” असं म्हणता म्हणता त्यांनी फळीवरून आणखी दोन कप काढून चुलीशेजारी मांडले.

बाईंनी फाटकाबाहेर नजर टाकली. वाटेवर चिटपाखरू नव्हतं. थोड्या वेळाने कड्याच्या पलीकडून काठ्यांची टकटक ऐकू आली आणि मग वळणावर दोन टोप्या दिसल्या. एक म्हातारा आणि त्याची लेक, दोघंही घामाघूम.

“बसा बाकावर,” वहिनी न बघताच म्हणाल्या. “झालाच आहे.”

बाईंनी चहा प्यायला, कागद गुडघ्यावर घेतला, पेन्सिल काढली. “बरं तर. इथे राहणाऱ्यांची हरकत नाही, असं सांगते मी साहेबांना.”

“अहो, थांबा!” काका ताडकन उठले. “तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली मी. त्या अस्वलाने पंजा दाखवला आणि ते गप्प बसलं असं वाटलं की काय? छे! ते पुढे निघालं. ते पुढे, मी मागे. जिथे थांबायचं तिथे वळून बघायचं, ये म्हणून. मी तिथे बाण काढायचो. सबंध वाट त्याने आखलीय, बाई! ती पुसली तर अख्खं अस्वलकुळ खाली चौकात उतरेल, जाब विचारायला. खोटं वाटतंय?”

बाकावरचा म्हातारा चहा प्यायचा थांबला होता. त्याची लेक तोंडाला हात लावून हसत होती. काकांना चेव चढला.

“आणि घर बघून वळलं म्हणाल, तर तसंही नाही. या घराशी त्याचा काहीएक संबंध नव्हता. फाटकावरून सरळ निघून गेलं. ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही त्याने इकडे!”

“खोटं,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी किटली खाली ठेवली. काका तसेच उभे राहिले, एक हात पंजासारखा हवेत.

“अहो वहिनी, गोष्ट आहे, तिला—”

“गोष्ट मी दर वर्षी ऐकते, भावजी. दर वर्षी अस्वलाला आणखी मांस चढतं. मी कधी बोलले? आज ही पोरगी खरं विचारतेय, म्हणून बोलते.” त्या बाईंकडे वळल्या. “हे गेले त्यानंतर वर्षभर मी हे दार उघडलं नव्हतं. कुणी यायला नको होतं, आणि कुणी येत नाही म्हणून रडत होते. वाट तेव्हा खालून जायची. एक दिवस खिडकीच्या फटीतून बघते तर फाटकाशी कुणीतरी बसून दगडावर बाण काढतंय. काढतंय आणि पुसतंय. परत काढतंय, परत पुसतंय. म्हटलं, वेड लागलं याला. दुसऱ्या दिवशी टकटक झाली. एक मुलगी, ओठ सुकलेले, पाणी मागत होती. मी हाकलून द्यायला म्हणून दार उघडलं.”

चुलीत एक लाकूड तडकलं. वहिनींनी पदराने हात पुसले, कोरडेच होते तरी.

“ते परत लावलं नाही.”

बाईंनी पेन्सिल कागदावर टेकवली. काकांनी पंजा हळूच खाली घेतला आणि तो कुठे ठेवावा ते न कळून रंगाच्या डब्याच्या कडीत अडकवला. मान मात्र खालीच होती.

“आणि ढुंकूनही पाहिलं नाही म्हणे!” वहिनी म्हणाल्या. “चांगलं पायरीपर्यंत आलं होतं तुमचं अस्वल, भावजी. दार वाजवायला हात उचलला, बराच वेळ तसंच उभं राहिलं आणि न वाजवता परत गेलं. ब्रशमधून माझ्या पायरीवर रंग ठिबकला, त्याचाही पत्ता नव्हता त्याला.”