मिंचूच्या पिल्लाचा भाव

मी एक म्हातारी, मुधोळ या शिकारी जातीची कुत्री आहे. नाव मिंचू, म्हणजे कानडीत वीज. आता या विजेला नुसतं उठायलाही वेळ लागतो, पण तरुणपणी ससासुद्धा माझ्यापुढे दमायचा.

मित्रांनो, माझी मालकीण नीलव्वा. एकदा व्याले की पुढे वर्षभर ती मला नुसती विश्रांती द्यायची. पिल्लं पोटात असताना मला रोज अंडी आणि दूध. घरातली माणसं मात्र भाकरी-चटणीवर! पिल्लांना लस टोचल्याशिवाय आणि दोन महिने माझ्याजवळ राहिल्याशिवाय ती कुणाला देत नसे. भाव ठरलेला, पंधरा हजार.

एकदा हुबळीचे कापडवाले चन्नबसप्पा आले. माझ्या तांबूस पोरीने थेट त्यांचं धोतर धरलं. ते खूश झाले, पण भाव ऐकून उडालेच.

"पंधरा? अक्का, बाजारात पाच हजारांत मिळतं!"

"मग तिथलंच घ्या की, सावकार," नीलव्वा हसून म्हणाली. "फक्त त्याची आई दाखवा म्हणावं. बरं, ही पळणार कुठे?"

"तिसऱ्या मजल्यावर घर आहे. मोठी गॅलरी आहे."

"गॅलरीत मिरच्या वाळवतात. मुधोळ नाही पाळत. नाही द्यायची."

नकार ऐकायची त्यांना सवय नसावी. "पंचवीस देतो!" ते म्हणाले.

नीलव्वाचा नवरा यमनप्पा कासावीस झाला. गोठ्याचे पत्रे फुटले होते. "अगं, दे की! पंचवीस म्हणतायत!" तो कुजबुजला. नीलव्वाने पोरीच्या तोंडातून धोतर सोडवलं आणि तिला माझ्या कुशीत ठेवलं. सावकार पाय आपटत गेले. यमनप्पा धुसफुसत फुटक्या पत्र्यांवर ताडपत्री बांधू लागला.

पुढच्या आठवड्यात सावकार पुन्हा आले, सोबत त्यांची आई पार्वतव्वा. म्हातारी दारातूनच ओरडली, "याच्या गॅलरीचं राहू दे, बाई! माझं शेत आहे नवलगुंदला. मी तिथेच राहते. तिथे पळेल ना ही?"

तिने मांडी घालताच पोर तिच्या पदरात शिरली. नीलव्वाने क्षणभर बघितलं. "न्या," ती म्हणाली.

सावकारांनी पंचवीस हजार मोजून पुढे केले. नीलव्वाने पंधरा घेतले, बाकीचे परत दिले.

"अहो, मीच पंचवीस म्हणालो होतो!"

"पिल्लू तेच आहे, सावकार. भावही तोच. आणि कधी सांभाळणं जमलं नाही, तर रस्त्यावर सोडू नका. इथे आणा."

यमनप्पाने कपाळाला हात लावला, पण हसला. गोठ्याचे नवे पत्रे मात्र पावसाळ्यानंतरच बसले.

मित्रांनो, पिल्लू घरी न्याल तेव्हा पहिले काही दिवस ते रडेल. त्याला रागावू नका, जवळ घ्या. इकडे त्याची आईही दाराशी बसून तेच दिवस काढत असते.