कोंबडीसाठी कोंबडी

बेसा भागातल्या फ्लॅटच्या गॅलरीत मंजुळा कोंबडी सकाळपासून डोळे मिटून उभी होती. गळ्याखाली फुगून चेंडू झाला होता. भूमिकाने आधी ओव्याचं पाणी पाजलं, मग इंटरनेटवरचे सगळे आजार तिला लावून पाहिले आणि नवऱ्याला म्हणाली, "हिला दवाखान्यात न्यायचं."

"कितीत पडेल?" जितेंद्रने विचारलं.

"हजाराच्या वर गेलं तर परत आणते."

"हजारात तर बाजारातून दुसरी येईल."

"मग तसं तू सांग अबोलीला."

पाच वर्षांची अबोली मंजुळेला पांघरूण घालत होती. जितेंद्रने मुकाट्याने गाडीची चावी दिली.

सदर भागातल्या जनावरांच्या दवाखान्यात लॅब्राडॉरवाल्या बाईंनी टोपलीत डोकावून विचारलं, "ही तुमच्या कुत्र्याचं जेवण का?" भूमिकाने टोपली छातीशी धरली.

डॉक्टर म्हणाले, दाणे अडकलेत, छोटं ऑपरेशन लागेल. हजार तर एक्स-रेतच गेले होते. पण आता ऑपरेशन केलं नाही तर एक्स-रे वाया जाणार, असा हिशेब करत भूमिकाने घरी फोन लावला. तो सासूबाईंनी, रुखमाबाईंनी उचलला.

"कर वं तू ऑपरेशन, घाबरू नको. मी आत्ताच मरीमायले नवस बोलली."

"काय बोललात?"

"आमची मंजुळा बरी झाली तं तुले कोंबडी देईन म्हणलं."

"आई, कोंबडीसाठी कोंबडी?"

"आता निघून गेलं तोंडातून! घरात कोणाले ताप आला का कोंबडीच बोलतो ना आपण."

मंजुळा ठणठणीत झाली. उरला नवस. भूमिका एम.एस्सी. झाली होती, तिचा नवसावर विश्वास नव्हता. पण घरात लहान मूल असताना उगाच कशाला अविश्वास दाखवा?

"नारळ नाही का चालणार?"

"मोबाईल देतो म्हणून कोणी तुले चार्जर दिला, तं चालन का?"

कापायचा प्रश्नच नव्हता. शेवटी रुखमाबाईंनीच वाट काढली. देवीपुढे जिवंत सोडली तरी नवस फिटतो. नंतर पकडील त्याची ती.

रविवारी नवी तांबडी कोंबडी घेऊन तिघी देवळात निघाल्या. पोहोचेपर्यंत अबोलीने तिचं नाव सखू ठेवून टाकलं होतं.

कुंकू लावून सखूला सोडलं, तोच कडुनिंबाखाली बसलेली दोन माणसं उठून उभी राहिली. त्यांच्याकडे नुसतं पाहूनच भूमिकाला रस्सा उकळताना दिसला. तिने ओढणी कमरेला खोचली आणि सखूमागे धाव घेतली.

"डावीकडून घेर वं तिले!" रुखमाबाई ओरडल्या. "आपली म्हणून नको पकडू, देवीची म्हणून पकड!"

भूमिका कोपरावर आपटली, पण सखू हातात आली.

"ताई, मस्त झणझणीत करा," एक जण हळहळत म्हणाला.

"पाळणार आहे," भूमिका धापा टाकत म्हणाली.

घरी आल्यावर सखू गॅलरीत शिंकली. भूमिकाने कान टवकारले. पुन्हा शिंकली. भूमिकाने फोन उचलला.

"आता किती?" सोफ्यावरून जितेंद्र.

"नुसती दाखवून आणते रे."

एवढ्यात रुखमाबाईंनी डोळे मिटून हात जोडलेले तिला दिसले. हातातला फोन टाकून ती धावली.

"आई! तुम्ही काही म्हणजे काही बोलू नका!"