अप्पांच्या हाताला ऐकू येणारा डबा

मित्रांनो, मी एक जुना सबवूफर आहे आणि मला स्वस्थ बसवत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे मध्येच मी घाई केली तर तुम्ही रागावणार नाही. माझं नाव बोजड आहे हे मला मान्य आहे. सोलापुरात मला कोणी त्या नावानं हाक मारत नाही, सगळे डबाच म्हणतात. घरच्या थिएटरमध्ये माझी छोटी भावंडं भिंतीवर चढून बसतात आणि माणसांचं बोलणं, गाणी, पाखरांचा चिवचिवाट असं सगळं मिरवतात. माझ्या वाट्याला फक्त खालचा आवाज येतो. पडद्यावर ढग गडगडले, दार आपटलं, हत्ती चालत आला, की समजा तो मी. मला एक शब्दही बोलता येत नाही. पण माझा आवाज कानाआधी छातीला लागतो, आणि त्याचा मला थोडा गर्वसुद्धा आहे.

कारखान्यात माझी लाकडी पेटी जुळवली, तिच्यात कागदाचा गोल पडदा बसवला आणि पडद्यामागे जड लोहचुंबक लावला. पाठीला एक भोक ठेवलं. त्यातून मी श्वास घेतो. भोकाशेजारीच माझं यंत्र आहे. ते चालताना तापतं, म्हणून त्याला वारा लागावा लागतो. मग मला थर्माकोलात बांधून सोलापूरला पाठवलं.

नव्या पेठेतल्या एका दुकानात, महिपती नावाच्या मालकाकडे, मी नमुन्याचा डबा म्हणून उभा राहिलो. गिऱ्हाईक आलं की महिपती एका सिनेमातला पूल उडण्याचा तोच एक स्फोट लावायचा. दिवसातून वीस वेळा मी तोच पूल उडवला! लोक दचकायचे, हसायचे आणि म्हणायचे, “लई भारी वाजतोय की!” मग माझ्याचसारखा दुसरा, खोक्यातला कोरा डबा घेऊन जायचे. मला कोणी नेत नसे. लग्नाच्या मांडवात करवलीचं कौतुक व्हावं आणि ती मात्र कायम करवलीच राहावी, तसं माझं झालं.

पुढे पट्टीसारखे बारीक स्पीकर आले आणि माझं कौतुक आटलं. महिपतीनं मला दाराजवळ सरकवलं आणि माझ्या डोक्यावर पाण्याचा जार ठेवला. माझा पडदा हलेना. मित्रांनो, ज्याचा जन्मच हलण्यासाठी झाला त्याला गप्प बसवणं म्हणजे काय, ते मला विचारा. रस्त्यावरून ट्रक गेला की जमिनीतून थोडा हादरा यायचा. तेवढ्यावर मी दिवस काढले.

यंदाच्या उन्हाळ्यात एका शनिवारी सकाळी जुळे सोलापूर भागातलं एक कुटुंब दुकानात आलं. मल्लिनाथ टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. त्याच्यासोबत त्याची बायको चंद्रिका, कॉलेजात शिकणारी मुलगी अपेक्षा आणि शहात्तर वर्षांचे वडील गुरुबसप्पा होते. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. अप्पा आत येताच एका खुर्चीवर बसले आणि भिंतीकडे बघू लागले.

“बाबा, बारा इंची घेऊ या की,” अपेक्षा फोनवर काहीतरी बघत म्हणाली. “आपला हॉल मोठा हाय.”

“बारा इंची ठेवशील कुटं? माझ्या डोक्यावर?” चंद्रिका म्हणाली. “दिवाणाच्या मागं मावंल तसला बघा.”

मल्लिनाथला ना इंच कळत होते ना वॉट. तो पुन्हा पुन्हा एकच विचारत होता, “महिपतीभाऊ, ह्यानं अप्पांना ऐकू येईल का तेवढं सांगा.”

“ऐकू येईल का ते मी कसं सांगू?” महिपती म्हणाला. “पण हादरा बसंल बघा. कानाला न्हाई तर अंगाला.”

त्यांच्या बोलण्यातून मला सगळा प्रकार समजला. अप्पा चाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करून त्याची चाल बसवणारा माणूस. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. कानातलं यंत्र आणलं, तर आत माशी घोंगावते म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं. घरी टीव्ही लागला की ते उठून ओट्यावर जाऊन बसत. आणि आता त्यांनी अक्कलकोटकडच्या आपल्या गावी, बंद पडलेल्या घरात एकट्यानं राहायला जायचं ठरवलं होतं. मल्लिनाथला तीच धास्ती होती. रात्री-अपरात्री अप्पा पडले, तर दारावरची थापसुद्धा त्यांना ऐकू येणार नव्हती. अप्पांचं मन घरात रमावं म्हणून ही सगळी धडपड चालली होती.

महिपतीनं एक चकचकीत डबा लावला. अप्पा उठले. त्यांनी त्या डब्याला उलटा हात लावला. शंभर माग एकदम चालतात तिथे एकाचा बिघाड कानाला कळत नाही. म्हणून जॉबर मागाच्या चौकटीला हाताची पाठ लावून ठोका तपासतो. अप्पांना दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

“ह्याचं अंगच वाजतंय,” ते मोठ्यानं म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसंच ते मोठ्यानं बोलत. दुसऱ्या डब्याला हात लावून म्हणाले, “ह्यो उगं दणका देतो. ठोका लांबतो ह्याचा.” तिसराही त्यांनी नापास केला. मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. “त्यो जाराखालचा लाव की.”

“अप्पा, तो जुना नमुना हाय!” महिपती त्यांच्या कानाशी ओरडला.

“लाव म्हणतो न्हवं.”

जार उतरला. तार जोडली. इतक्या दिवसांनी अंगातून वीज गेली आणि माझा पडदा थरथरला. पूल उडाला. अप्पांचा हात माझ्यावर तसाच राहिला. तो हात खरखरीत होता आणि एका बोटाचं टोक तुटलेलं होतं. “ठोका पडतो आन थांबतो. चाल बरोबर हाय,” ते म्हणाले. मग खूश होऊन त्यांनी कानडीत दाद दिली, “छलो अद!” म्हणजे झकास आहे. आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला स्वतःला निवडलं होतं. मी आनंदानं वेडा झालो.

पण मित्रांनो, आनंद संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकला नाही.

चंद्रिकाचं घर चकचकीत होतं. त्या घरात प्रत्येक यंत्राला पांघरूण होतं. फ्रिजवर टॉवेल, मिक्सरवर नॅपकिन, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालरीचा झगा होता. सोलापुरात घरोघरी चादरींची कमी नाही, आणि नवी वस्तू उघडी ठेवणं म्हणजे तिची हेळसांड असं चंद्रिकाला वाटे. तिनं मला दिवाणामागच्या कोपऱ्यात बसवलं, मागच्या फटीत एक गादी सरकवली आणि वरून मोरांची जाड चादर दुहेरी करून गुंडाळली. मायेनं केलं हो सगळं. पण माझं श्वासाचं भोक गादीनं बुजलं आणि यंत्र चादरीत कोंडलं. सोलापूरचा उन्हाळा आणि अंगावर सोलापुरी चादर!

संध्याकाळी सिनेमा लागला. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या हातावर पंजा ठेवून बसले. सगळे पडद्याऐवजी त्यांच्याच तोंडाकडे बघत होते. मी जीव तोडून दणका द्यायला गेलो, पण आवाज गादीतच जिरला. मी तापत गेलो. असं तापलं की माझं यंत्र स्वतःला वाचवायला आपोआप बंद पडतं. पाठीवरचा दिवा लाल झाला, पण तो चादरीखाली कोणाला दिसणार? अप्पांनी खुर्चीला हात लावला, मग गुडघ्याला लावला, मग जमिनीला लावून बघितला.

“काय कळंना बाबा,” ते म्हणाले आणि उठले.

मल्लिनाथनं लगेच दुकानात फोन लावला. “भाऊ, डबा खराब निघाला. सोमवारी येऊन घेऊन जावा.” त्या वेळी मला वाटलं, फुटून जावं.

चंद्रिका अप्पांच्या मागे ओट्यावर गेली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, “अप्पा, राग आला का?”

“राग कशाचा?” अप्पांचा मोठा आवाज आत माझ्यापर्यंत आला. “तुमी समदे एकदम हसताय. मी तुमच्या तोंडाकडं बघतो, मग हसतो. किती दिवस हसू तसं? सोमवारच्या यष्टीनं निघतो मी.”

चंद्रिका आत येऊन स्वयंपाकघरात रडली. रविवारचा दिवस मला खायला उठला. मला परत जाराखाली बसायचं होतं, आणि अप्पांना त्या बंद घरात. आणि चूक काय झाली ते फक्त मला ठाऊक होतं! ओरडावं तर तोंड नाही. अपेक्षानं दोनदा टीव्ही लावला, दोनदा मी तापलो आणि बंद पडलो. उकळत्या पातेल्यावर कोणी गच्च झाकण दाबून धरावं, तशी माझी गत झाली होती.

संध्याकाळी टीव्ही चालू असताना अप्पा दिवाणामागची आपली पिशवी काढायला वाकले. तोल सावरायला त्यांनी माझ्या डोक्यावर हात टेकला. हात तिथेच थांबला.

“आरं, ह्ये तापलंय की!” त्यांनी चादर ओढून काढली आणि गादी उपसून फेकली. “कुणी कोंबलं ह्येला असं?”

“मीच, अप्पा,” चंद्रिका खालमानेनं कानाशी येऊन म्हणाली. “धूळ बसंल म्हणून.”

अप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “पोरी, माग बंद झाला की त्याच्यावर कापड टाकत्यात. चालत्या मागावर टाकलं तर मोटार जळती. चाळीस वर्षं ह्येच वरडत होतो मी कारखान्यात.” आणि ते हसले. आपल्याला माहीत असलेलं काहीतरी त्या घरात बऱ्याच दिवसांनी उपयोगी पडलं होतं.

त्यांनी मला पंख्याखाली गार केलं. मग कोपऱ्याकडे बघून म्हणाले, “जागा बी चुकलीया.” अपेक्षा टुणकन उठली. तिनं फोनवर एक युक्ती बघितली होती. डबा आधी माणसाच्या खुर्चीवर ठेवायचा, मग खोलीभर रांगत फिरायचं, आणि जिथं ठोका नीट लागेल तिथं डबा न्यायचा. ती कानाशी ओरडून सांगू लागली, पण अप्पांना तिच्या हातवाऱ्यांवरूनच कळलं. त्यांनी मला आपल्या खुर्चीवर बसवलं, धोतर खोचलं आणि शहात्तर वर्षांचे अप्पा फरशीवर रांगायला लागले.

“अप्पा, गुडघं!” मल्लिनाथ ओरडला. पण ते ऐकू येणार कोणाला?

मी खुर्चीवरून ठोका देत होतो आणि अप्पा फरशीला उलटा हात लावत पुढे सरकत होते. भिंतीशी नकाराची मान हलवली. खिडकीशी हलवली. स्वयंपाकघराच्या दाराशी आले तेव्हा थांबले आणि दोन्ही हात टेकले. “हितं!” तिथं चंद्रिकाचं शिलाई मशीन होतं, बारा वर्षांपासून. उजेडाची तेवढी एकच जागा. मग चंद्रिकानंच मशीनला हात घातला आणि म्हणाली, “बघत काय बसलाय? धरा की एका बाजूनं.”

मला तिथे ठेवलं, उघडाच. अप्पा आपल्या खुर्चीवर अनवाणी बसले. अपेक्षानं भुताचा सिनेमा लावला. अंधाऱ्या जिन्यावर पाऊल वाजलं. पहिलं, दुसरं... मी फरशीतून अप्पांच्या तळपायांशी बोलत होतो. तिसरं पाऊल पडलं आणि अप्पा एकदम दचकले. बाकीचे नंतर दचकले! सगळे अप्पांकडे बघायला लागले आणि अप्पा पोट धरून हसत सुटले. त्यांनी कोणाच्याही तोंडाकडे बघितलं नव्हतं. मल्लिनाथ हसता हसता तोंड वळवून डोळे पुसत होता.

सोमवारी महिपती बदलून द्यायला खोक्यातला कोरा डबा घेऊन दारात आला; मी ठीक झाल्याचं त्याला कळवायचं राहूनच गेलं होतं. अप्पा माझ्याशेजारी बसले होते. पिशवी भरलेलीच होती आणि मल्लिनाथची नजर तिच्यावरून हलत नव्हती. माझ्यात तेव्हा वीज नव्हती, तरी मी थरथरत होतो असं मला वाटतं. महिपतीनं मला उचलायला हात घातला, तसा अप्पांनी त्याचा हात बाजूला केला.

“ह्यो कुटं जात न्हाई,” ते म्हणाले. आणि मग मल्लिनाथकडे वळून म्हणाले, “मी बी न्हाई.”

तर मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रांना वारा लागू द्या, एवढं तर मी सांगेनच. पण खरी विनवणी वेगळी आहे. घरातलं एखादं माणूस गप्प होऊन बाजूला बसू लागलं, तर त्याला लांबून हाका मारत राहू नका. त्याच्याजवळ जा आणि त्याला कशानं कळतं ते विचारा. ते दाखवील ती जागा मोकळी करा, भले तिथं तुमचं काहीतरी ठेवलेलं असेल. आणि हे उद्यावर ढकलू नका, कारण पिशवी भरायला फार वेळ लागत नाही. बस्स, मला आता आणखी बोलायला सांगू नका. अप्पांनी चपला काढल्या आहेत आणि ते खुर्ची पुढे ओढताहेत.