लाभ, दोन, तीन

धुळ्याच्या डॉक्टरांनी भटूच्या आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. मला ते आजही धड म्हणता येत नाही. गोळ्यांनी कानातले आवाज कमी होतील म्हणाले, पण विचार जागेवर यायला त्याला रोज घाम निघेपर्यंत चालवा. मनात म्हटलं, घ्या, आता या वयात मी याच्यामागे पळू.

भटू माझा धाकटा भाऊ. अमळनेरच्या बाजारात मापारी होता, धान्य मापायचा. आजारात तिनाच्या पुढचं माप आठवेना, काम सुटलं. डोकं ताळ्यावर आलं तर परत घेईन, असं त्याचे मालक बन्सीलाल शेठ म्हणाले होते. मला तेवढंच हवं होतं.

रोज सकाळी शाळेच्या मैदानाला फेऱ्या. मोजायच्या त्यानेच. मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, शुभ म्हणून लाभ म्हणतो. भटूचंही तेच. लाभ, दोन, तीन, आणि मग माझ्याकडे बघायचा.

"माझ्या तोंडावर लिहिलंय का?" मी खेकसायची. की पुन्हा लाभ.

दिवाळीपर्यंत बारा झाल्या. संक्रांतीला वीस, एकही न चुकता. मी देवापुढे साखर ठेवली.

त्याच आठवड्यात तो चालता चालता थांबला. "अक्का, मामा तं कधीच मरी ग्या. मंग चोपड्याले माय कोना घर शे?"

दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा हा भिंतीकडे बघून हसत होता. अग्नी चुलतभावाने दिला. माय कुठंय विचारलं की मी म्हणायची, चोपड्याला, मामाकडे. दहादा विचारायचा, दहाही वेळा त्याला पटायचं.

मी खरं सांगितलं. तो रडला नाही.

"मी व्हतू का तठे?"

"होतास," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी वाटलं, आता हा उठत नाही. पण माझ्या आधी मैदानावर उभा. पहिली फेरी झाली आणि म्हणाला, "एक."

मनात म्हटलं, गेलं सगळं पुन्हा. "लाभ म्हण ना रे."

"सुतकमा लाभ नही म्हनतस, अक्का," तो म्हणाला. "माले कालच समजनं. दहा दिन एकच म्हनसू."

माझ्या भावाचं डोकं अगदी ताळ्यावर आलं होतं. मी तिथंच मातीत बसले आणि रडले. तो दुसऱ्या फेरीला निघाला.