पिसाचं टोक

पिसाचं टोक तळहातावर – काळं, तांदळाच्या कणीएवढं. शेजारी संगीत अकादमीचा जुना अहवाल: ‘हार्पसिकॉर्ड निर्दोष आढळले. व्यत्ययास वादिकेची थकलेली बोटे कारणीभूत.’ तपासणारा एकच, वाद्याची निगा राखणारा हिएरोनिम. ज्याच्या हातून दोष घडणं शक्य होतं, त्यानंच निर्दोषत्वाचा दाखला दिला आणि वॉर्साच्या विद्वत्तेनं तो एकतीस वर्षं शिरोधार्य मानला. आज बोगुमिवाच्या स्मृतिपत्रिकेतही तोच छापलाय. भाषा मात्र सुबक, कुण्या शिकल्यासवरल्या माणसाची...

प्रोफेसर झ्येमोवितनं टोक उजेडात धरलं. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत पीस उचललं जातं, तार छेडतं. झिजलं तर त्याचे तंतू सुटतात. हे सुरीनं छाटलेलं, केसभर आखूड – तारेला नेमकं पोचणार नाही इतकं. बोगुमिवानं एकतीस वर्षांपूर्वीच्या त्या मैफिलीनंतर ते उपटून पाकिटात जपलं होतं. तिच्या भाचीनं सकाळी आणून दिलं. बोगुमिवाला मातीत ठेवून चार दिवस झालेत, आणि संध्याकाळी श्रद्धांजलीचं भाषण त्याचं.

हयात संगीतकारांच्या, शाई न वाळलेल्या रचना वाजवायचा तिचा हट्ट – अख्खा बाहू पट्ट्यांवर टेकवून उठवायचा तो कल्लोळ – आणि त्या दिवशी मधल्या सप्तकातून नुसती लाकडाची टकटक. “पिसं कापलीत कुणीतरी!” ती मंचावरूनच म्हणाली, आणि सभागृह हसलं. समीक्षकांच्या रांगेत बसून तोही... हो, हसला होता. पुढं तिला कुणी बोलावलं नाही. तिच्यासाठी लिहिलेल्या अकरा रचना कुणी ऐकल्याच नाहीत.

हिएरोनिमच्या स्वयंपाकघरात बीटचं सूप रटरटत होतं.

“या, प्रोफेसर! म्हातारा अजून आहे की गेला, बघायला आलात?”

झ्येमोवितनं टोक टेबलावर ठेवलं. वाटेत घासूनपुसून घेतलेली सगळी वाक्यं तयार होती – थंड, निर्दोष.

“ओळखता?”

“ओळखेन नाहीतर काय? सुरी माझीच.” म्हाताऱ्यानं चहाचा ग्लास त्याच्यापुढं सरकवला. इतकं सोपं? ग्लास बोटांना चटके देत होता आणि तो सोडायचं त्याला सुचत नव्हतं.

“सात पिसं मीच छाटली, आणि दुसऱ्या दिवशी मीच बदलली. कोपरानं आपटायची हो माझं वाद्य, बघवेना. वाटलं, वाद्य बिघडलं म्हणतील, मला हाकलतील, संपलं. पण ‘थकलेली बोटे’ माझी नाहीत, प्रोफेसर. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या पेपरात तुमच्या परीक्षणात होती. मी अहवालात नुसती उतरवून घेतली.”